रासायनिक अभिक्रिया म्हणजे काय? पानाच्या डबीतल्या चुन्यातून समजून घ्या

अभिक्रियाकारक, उत्पादित, उष्माग्राही... विज्ञानाच्या पुस्तकातले हे शब्द मुलं परीक्षेपुरते पाठ करतात आणि विसरतात. पण घरातल्या चुन्याची गोष्ट कळली, तर हे शब्द पाठ करावे लागत नाहीत. शिवाय, वेळ आली तर एखाद्याचा डोळाही वाचू शकतो.

पहिली पायरी : भट्टी

चुना बनतो चुनखडीपासून. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शिअम कार्बोनेट. ती भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत भाजली की तिचे दोन पदार्थ होतात:

कॅल्शिअम कार्बोनेट → कॅल्शिअम ऑक्साइड + कार्बन डायऑक्साइड

बाणाच्या डावीकडचा मूळ पदार्थ म्हणजे अभिक्रियाकारक. उजवीकडचे नवे पदार्थ म्हणजे उत्पादिते. एका पदार्थापासून दोन किंवा अधिक पदार्थ तयार झाले, म्हणून हे अपघटन. सतत उष्णता द्यावी लागते, म्हणून ही अभिक्रिया उष्माग्राही.

१०० ग्रॅम शुद्ध कॅल्शिअम कार्बोनेट पूर्ण भाजलं तर ५६ ग्रॅम कळीचा चुना, म्हणजे कॅल्शिअम ऑक्साइड उरतो. मग ४४ ग्रॅम गेले कुठे? ते कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत गेले. दोन्ही बाजूंचं एकूण वस्तुमान सारखंच राहतं. यालाच वस्तुमान अक्षय्यतेचा नियम म्हणतात.

दुसरी पायरी : पाणी

कळीच्या चुन्यावर पाणी टाकलं की तो फसफसतो, वाफा येतात, भांडं चटका बसेल इतकं तापतं.

कॅल्शिअम ऑक्साइड + पाणी → कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + उष्णता

इथे दोन पदार्थांचा मिळून एक झाला, म्हणून हा संयोग. उष्णता बाहेर पडली, म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. तयार झाला तो विरलेला चुना. पानाला लावतात तो हाच.

तिसरी पायरी : हवा

भिंतीला लावलेला चुना हळूहळू घट्ट आणि पांढराशुभ्र होतो. तो नुसता वाळत नाही, तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो:

कॅल्शिअम हायड्रॉक्साइड + कार्बन डायऑक्साइड → कॅल्शिअम कार्बोनेट + पाणी

म्हणजे भिंतीवर पुन्हा चुनखडीच तयार झाली! चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, तेही याच अभिक्रियेमुळे. पाण्यात न विरघळणाऱ्या त्या पांढऱ्या कणांना अवक्षेप म्हणतात. (हा प्रयोग शिक्षकांसमोरच करा. निवळी तोंडात ओढू नका.)

आता डोळ्याची गोष्ट

विरलेला चुना तीव्र आम्लारी आहे. लहान मुलं खेळताना चुन्याची पुडी किंवा ट्यूब दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. यामुळे बुबुळाला कायमची इजा होऊ शकते.

अशा वेळी दोन गैरसमज घात करतात.

*‘चुन्यावर पाणी टाकलं की तो तापतो, म्हणून डोळ्यात पाणी नको.’* तापतो तो कळीचा चुना. पुडीतला चुना आधीच विरलेला असतो, त्याची ती अभिक्रिया होऊन गेलेली असते. आणि कळीचा चुना डोळ्यात गेला, तरी उपाय भरपूर वाहत्या पाण्याचाच.

*‘लिंबाच्या आम्लाने चुना मारता येईल.’* आम्ल आणि आम्लारी एकत्र आले की क्षार आणि पाणी तयार होतं, हे उदासिनीकरण. पण त्यातही उष्णता बाहेर पडते, आणि आम्लाची इजा होते ती वेगळीच. डोळ्यात हा प्रयोग कधीच नको.

मग काय करायचं? डोळा चोळू न देता, पापण्या उघड्या धरून, स्वच्छ पाण्याची धार लगेच सुरू करा. किमान १५ ते २० मिनिटं धुवा आणि तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आधी दवाखाना आणि मग पाणी, असं करू नका.

आणि आजच घरातली चुन्याची डबी मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवा.