दान्ते, बॉश आणि बेस गिटार

अमेरिकेतल्या स्वतंत्र रॉकची गोष्ट माइक वॉटला वगळून सांगता येत नाही. त्याचा जन्म १९५७चा. लॉस एंजेलिसचं बंदर जिथे आहे, त्या सॅन पेड्रोमध्ये तो वाढला आणि पुढेही तिथेच राहिला. १९८० ते १९८५ 'मिनिटमेन' या तिघांच्या बँडमध्ये, मग 'फायरहोज'मध्ये आणि नंतर स्वतःच्या नावावर तो बेस गिटार वाजवत आला. कलावंत काय वाचतो, काय ऐकतो, मोकळ्या वेळात काय करतो, हे प्रश्न मुलाखतीत हमखास येतात आणि उत्तरं बहुधा शोभेपुरती असतात. वॉटच्या बाबतीत मात्र गाणं किती लांब, अल्बमचे भाग किती, सोबतीला वाद्यं कोणती, हे सगळं या आवडींनी ठरवलेलं दिसतं.

कानावरचे पहिले संस्कार

शाळकरी वयात वॉटची डी. बूनशी दोस्ती झाली. दोघांनी बँड काढावा ही कल्पना बूनच्या आईची. मुलगा गिटार वाजवेल आणि माइक बेस, हेही तिनेच ठरवलं. 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' आणि 'ब्लू ऑयस्टर कल्ट' यांची गाणी वाजवत दोघं शिकले. क्रीडन्सचा जॉन फॉगर्टी वॉटला इतका भावला, की त्याच्यासारखे चौकड्यांचे फ्लॅनेलचे शर्ट ही पुढे वॉटचीही ओळख बनली.

मग ब्रिटनमधल्या 'वायर' या बँडचा 'पिंक फ्लॅग' (१९७७) हाती लागला. साधारण ३५ मिनिटांत २१ गाणी. म्हणायचं ते म्हणून झालं की गाणं तिथेच थांबतं. कडवं, ध्रुवपद, गिटारचा एकल तुकडा हा ठरीव क्रम पाळायलाच हवा असं नाही, हे दोघांना उमगलं. मिनिटमेनच्या 'पॅरानॉइड टाइम' या पहिल्या रेकॉर्डवर सात गाणी आहेत आणि सातही मिळून सात मिनिटं भरत नाहीत.

काटकसरीचा शिरस्ता

मिनिटमेनमधले तिघं आपल्या पद्धतीला 'इकॉनो' म्हणत. सामान स्वतः उचलायचं, व्हॅन स्वतः चालवायची, स्टुडिओ स्वस्तात मिळेल अशा रात्रीच्या वेळी रेकॉर्डिंग उरकायचं. तिघांचा मान सारखा, हाही त्याचाच भाग. बून गिटारचा सूर मुद्दाम पातळ आणि चिरका ठेवायचा, म्हणजे बेस आणि ड्रम यांना मोकळी जागा मिळे.

१९८४ मध्ये 'हस्कर डू' या बँडने दुहेरी अल्बम केल्याचं कळल्यावर मिनिटमेननी आणखी गाणी रचून स्वतःचाही दुहेरी अल्बम काढला. हा 'डबल निकल्स ऑन द डाइम', चाळीसहून अधिक गाण्यांचा. त्यातल्या एका गाण्याचं नाव आहे 'जून सिक्स्टीन्थ'. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस'ची कथा घडते ती याच तारखेला. २२ डिसेंबर १९८५ रोजी ॲरिझोनात व्हॅनच्या अपघातात बून गेला. तो २७ वर्षांचा होता.

पुस्तक आणि चित्र: अल्बमचे आराखडे

पुढे वॉटने तीन मोठ्या रचना केल्या. तो त्यांना 'ऑपेरा' म्हणतो.

'कंटेम्प्लेटिंग द इंजिन रूम' (१९९७) मध्ये वडिलांचं नौदलातलं आयुष्य आणि मिनिटमेनची कहाणी एकमेकींत मिसळली आहे. जहाजावरच्या एका दिवसाच्या चौकटीत सगळं घडतं. इंजिनरूममधली तीन माणसं म्हणजेच बँडमधले तिघं.

२००० साली जंतुसंसर्गाने वॉट मरता मरता वाचला आणि कित्येक आठवडे अंथरुणाला खिळला. त्यातून २००४ मध्ये 'द सेकंडमॅन्स मिडल स्टँड' आला. याचा सांगाडा दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चा: नरक, शुद्धिलोक आणि स्वर्ग, प्रत्येकी तीन गाणी. वाद्यं बेस, ऑर्गन आणि ड्रम. गिटार नाहीच.

तिसरी रचना 'हायफनेटेड-मॅन'. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयातली हिएरोनिमस बॉशची चित्रं, त्यांतले अर्धे माणूस-अर्धे भलतंच असलेले जीव, हे तिचं मूळ. एकेका जिवाचं एकेक गाणं, अशी ३० छोटी गाणी. ही गाणी वॉटने बेसवर न बांधता बूनच्या जुन्या टेलिकास्टर गिटारवर बांधली. मिनिटमेनवरच्या माहितीपटाच्या निमित्ताने त्याने जुनी गाणी पुन्हा ऐकली होती आणि तो आखूड घाट त्याला परत हवासा वाटला होता.

ऐकण्याची शिस्त

जॉन कोलट्रेनचं सॅक्सोफोन वॉटला ऐकवलं ते चित्रकार मित्र रेमंड पेटिबॉनने. २००१ पासून वॉट इंटरनेटवर 'द वॉट फ्रॉम पेड्रो शो' चालवतो. त्याची सुरुवात कोलट्रेनच्या वादनाने होते आणि मग ओळखीचे-अनोळखी असे नाना बँड लागतात.

आजारपणानंतर बोटं बेसवर चालेनात, तेव्हा त्याने 'द स्टूजेस' या बँडची गाणी वाजवत हात पुन्हा तयार केला. त्यातूनच गायक-गिटारवादक जे मॅस्किस आणि स्टूजेसचा गिटारवादक रॉन ॲशटन यांच्याबरोबर वाजवणं झालं. २००३ मध्ये स्टूजेस पुन्हा एकत्र आले तेव्हा बेसवर वॉट होता.

सायकल, कयाक आणि कॅमेरा

दौऱ्यावर नसला की वॉट पहाटे उठतो. कधी सायकल काढतो, कधी कयाक घेऊन बंदराच्या पाण्यात उतरतो. जवळ कॅमेरा असतो. पेलिकन, समुद्रसिंह, बोटी, धक्का हे त्याचे विषय. २०१२ मध्ये आलेल्या 'ऑन अँड ऑफ बेस' या पुस्तकात हे फोटो आणि त्याचं टिपणवजा लेखन शेजारी शेजारी आहे. दौऱ्यांच्या रोजनिश्याही तो नेमाने लिहीत आला आहे.

कुठून सुरुवात करावी?

आधी 'डबल निकल्स' घ्यावा, पण एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. मग 'इंजिन रूम' सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकावा. गाणी उलटसुलट लावली तर जहाजावरचा दिवस विस्कटतो. 'हायफनेटेड-मॅन' ऐकताना बॉशचं 'द गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स' समोर उघडून ठेवावं. चित्रातल्या गर्दीत डोळा एका जिवावर थांबतो आणि लगेच दुसऱ्याकडे वळतो. गाणी इतकी आखूड का, ते तेव्हा कळतं.