निनावी भाताची ओळख खाचरातच पटते

हिरडस मावळापासून कानंद खोऱ्यापर्यंत, म्हणजे भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात, इंद्रायणी वाणाच्या खाचरांना लागून घरच्या खाण्यापुरत्या जुन्या भाताचा एखादा तुकडा अजून कुठे कुठे राखलेला असतो. बियाणे घरचेच, आजोबांच्या वेळचे. वाण कोणता म्हणून विचारले की ‘गावठी’ हे एक उत्तर मिळते, आणि शिजताना वास येत असला तर ‘आंबेमोहोर’ हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे बहुतेक वेळा तांदूळ हातात घेऊन किंवा भात ताटात वाढून दिलेली असतात, आणि गफलत तिथेच होते. सडलेल्या तांदळात वाणाची निम्मीअधिक ओळख उरलेलीच नसते. तुसाचा रंग, कूस, पानाच्या बेचक्यातली जिभली, निसवायची वेळ हे सगळे गिरणीत जाण्याआधीच मागे राहिलेले असते. म्हणून निनावी भाताला नाव द्यायचे असेल, तर ते राबापासून कापणीपर्यंत उभ्या पिकाजवळ बसूनच दिले पाहिजे.

यावर पहिली हरकत स्वयंपाकघरातून येते: आयुष्यभर भात रांधलेल्या बाईला वास कळत नाही का? कळतो, आणि तो खराही असतो. पण वास ही एका वाणाची मिरास नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये प्रसारित केलेली इंद्रायणी हा आंबेमोहोर 157 आणि आयआर-8 यांचा संकर आहे, आणि तिचा सुवास आंबेमोहोराकडूनच आला आहे. तेव्हा नाकाला जे आंबेमोहोर वाटते ते त्याचे पुढच्या पिढीतले रक्तही असू शकते. खाचरात मात्र फरक लपत नाही. जुना आंबेमोहोर उंच वाढतो आणि परतीच्या पावसात लोळतो, तर इंद्रायणी तुलनेने बुटकी राहते. तिचा दाणा लांबट, याचा आखूड.

उभे पीक बघायचे म्हणजे नेमके काय, हे फुलोऱ्यावर सर्वांत चांगले दिसते. भात पोटरीतून बाहेर पडले की ऊन चढल्यावर, दुपारच्या आत, तुसाचे दोन्ही पापुद्रे उघडतात, सहा पुंकेसर बाहेर लोंबतात आणि आत पिसांसारखी दोन टोके दिसतात. काही वाणांत ती पांढरी असतात, काहींत पिवळट, काहींत गडद जांभळी. तासाभरात फूल मिटते, ते पुन्हा उघडत नाही. भिंग घेऊन त्या वेळी बांधावर असणाऱ्यालाच हा रंग सापडतो, आणि तो खत, पाणी किंवा जमिनीने बदलत नाही. बुडख्याजवळचा पानाचा जांभळा रंग असाच भरवशाचा, पण तो तरव्यापासून बघावा लागतो, कारण पीक पिकताना फिका पडतो. उंची, फुटवे, दाण्याचे वजन यांवर मात्र एकट्यादुकट्याने विसंबू नये. वरंध घाटाकडच्या पावसात आणि भोर शहराजवळच्या खाचरात एकच वाण दोन तऱ्हांनी वाढतो. म्हणूनच संशयित भात आणि खात्रीचे बियाणे एकाच दिवशी राबावर टाकून, एकाच खाचरात शेजारी, एकेक रोप लावून वाढवणे हाच खरा पुरावा. निसवणही तिथेच जोखता येते. जुन्या गरव्या, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, वाणांचे घड्याळ दिवस लहान होण्यावर चालते, त्यामुळे पेरणी थोडी मागेपुढे झाली तरी ते साधारण आपल्याच वेळेला निसवतात.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे: प्रयोगशाळेत डीएनए तपासला की प्रश्न मिटतो, मग हंगाम कशाला घालवायचा? प्रयोगशाळा दोन नमुने सारखे आहेत की वेगळे हे उत्तम सांगते, पण तुलनेला नाव असलेला नमुना हवा. ज्या भाताचा नमुना कुठल्याच संग्रहात गेला नाही, त्याला ती नाव कुठून देणार? शिवाय घरचे बियाणे म्हणजे एकसारखी फौज नसते. भातात परपरागीभवन अगदी थोडे होते, तरी खळ्यावरची आणि कणगीतली सरमिसळ पिढ्यान्‌पिढ्या साठलेली असते. मूठभर दाणे पाठवले तर त्यात मूळ वाणाचे किती आणि शेजारच्या खाचराचे किती, हे आधी लोंब्या बघून वेगळे काढावे लागते. भेसळ काढायला डोळाच लागतो.

इंद्रायणीला गिऱ्हाईक असताना एवढा खटाटोप कशासाठी, असेही विचारले जाते. नाव चुकले तर जपणूकही चुकते, हे त्याचे रोकडे उत्तर आहे. निराळ्या भातावर ‘आंबेमोहोर’ची चिठ्ठी लागली, की ‘तो तर आहेच’ म्हणून त्याचे बियाणे कुणी मागत नाही, आणि एका वर्षी राब बुडाला की तो वाण संपतो. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यांच्या वाणांनाही नोंदणीचा हक्क दिला आहे. पण नोंदणीत वाण इतरांहून वेगळा असल्याचे लक्षणांनिशी दाखवावे लागते. ती लक्षणे गोणीवर लिहिलेली नसतात. जुळणी झालीच नाही तर ओढूनताणून प्रसिद्ध नाव चिकटवण्यापेक्षा बियाण्याच्या पिशवीत एवढीच चिठ्ठी ठेवावी: गावाचे नाव, हळवा की गरवा, निसवल्याची तारीख, कुसाचा आणि तुसाचा रंग, फुलातल्या टोकांचा रंग. ‘नाव माहीत नाही’ हेही तिच्यावर स्पष्ट लिहावे, आणि पुढच्या मृगात तीच लक्षणे पुन्हा ताडून बघावीत.