रुई, हरणदोडी आणि फुलपाखरे



रुई कोणाला ठाऊक नाही? आपल्या धाराशिव जिल्ह्यात नळदुर्गापासून परंड्यापर्यंत कुठेही जा, माळावर, ओढ्याकाठी, पडीक रानात रुई उभी आहेच. शनिवारी तिच्या पानांची माळ मारुतीला घालायची आणि पोरांनी तिच्या म्हाताऱ्या फुंकरीने उडवायच्या, एवढाच आपला तिच्याशी संबंध. शेळीसुद्धा तिला सहसा तोंड लावत नाही. मग असल्या झाडाचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल.

पावसाळ्यात रुईचे कोवळे पान उलटून पाहा. बाजरीच्या दाण्याहून लहान, पांढुरके अंडे एकेकटे चिकटलेले दिसेल. ते प्लेन टायगर नावाच्या फुलपाखराचे. याचे पंख नारिंगी आणि टोके काळी, त्यावर पांढरा पट्टा. तीन-चार दिवसांत अळी निघते. तिच्या अंगावर पांढरे-काळे पट्टे व पिवळे ठिपके, आणि पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. दोनेक आठवडे ती पाने खाते, मग कोष करून उलटी टांगून घेते.

गुरुजी, मुले विचारतील, चीक विषारी, तर अळी मरत कशी नाही? ती ते विष पचवते आणि अंगात साठवते. पक्ष्याने असे फुलपाखरू खाल्ले की त्याला ओकारी होते, आणि पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

आता खाण्याचे पाहू. उत्तर अमेरिकेत रुईच्या कुळातल्या एका झाडाच्या कोवळ्या शेंगा उकडून खातात. पण हे ऐकून आपल्या रुईच्या शेंगा कोणी चुलीवर ठेवू नयेत! आपली रुई खाण्याची नाही, शिजवूनही नाही. तिचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. बहुधा ठणका लागत नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो आणि नजर अंधुक होते. डोळा लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा.

याच कुळातला खाण्याजोगा वेल म्हणजे हरणदोडी. गावोगाव हे नाव वेगवेगळ्या वेलींना देतात, म्हणून शास्त्रीय नाव सांगतो: ड्रेजिया व्होल्युबिलिस. पाने रुंद, फुले हिरवी व झुबक्याने लोंबणारी. हिची कोवळी पाने व फुले भाजीसाठी खुडतात. ती उकडून पाणी टाकून द्यावे, मग लसूण-मिरचीची फोडणी द्यावी. मात्र वेल जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय भाजी करू नये. उतरणीचा वेलही याच कुळातला आणि चिकाचा. तिच्या फळांवर मऊ काटे असतात. तिची गफलत होऊ देऊ नका.

हरणदोडीवर ब्लू टायगर हे काळे, फिकट निळ्या ठिपक्यांचे फुलपाखरू अंडी घालते. म्हणजे एका वेलात घरची भाजी आणि फुलपाखराचे घर, दोन्ही साधते. पहिल्या पावसात कुंपणाशी बी टोका आणि वेल चढायला आधार द्या. सगळी पालवी खुडू नका. निम्मी अळ्यांना राहू द्या. रुई मात्र पोरांच्या खेळण्याच्या जागेपासून लांब, बांधाच्या कोपऱ्यात असू द्या. तिला पाणी घालावे लागत नाही. दोन्हींवर औषध फवारू नका. फवारलेल्या पिकाशेजारची हरणदोडी खाऊही नका.

अमेरिकेत शेतातल्या तणनाशकाने तिथली ही झाडे फार कमी झाली. त्यांवर जगणारी मोनार्क फुलपाखरे घटली, तेव्हा लोक ती झाडे घरी आणि शाळेत लावू लागले. तणनाशक आता आपल्याही बांधावर आले आहे. तेव्हा यंदा बांध साफ करताना एक रुई राखून ठेवा. आणि गुरुजी, मुलांना घेऊन दर आठवड्याला तिची पाने दुरूनच पाहा, अळ्या मोजा, वहीत टिपा. पाने तोडायला लावू नका.