पाटी आणि कुदळ

शिक्षण हा शब्द उच्चारतांच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर पाटी, पुस्तक व परीक्षा हीं उभीं राहतात. कुदळ कांहीं उभी राहत नाहीं. सातारा जिल्ह्यांत गेल्या शतकांत जो प्रयोग झाला, त्यांत मात्र या दोहोंची सांगड घातली गेली.

त्या प्रयोगाचे कर्ते भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ सालीं कुंभोज येथें झाला. घराणें आजच्या सांगली जिल्ह्यांतील ऐतवडे बुद्रुकचें. शाळेंत त्यांचें मन रमलें नाहीं आणि मॅट्रिकपर्यंत ते पोंचले नाहींत. पुढें साताऱ्यास त्यांनीं शिकवण्या केल्या; मग ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्यासाठीं ते गांवोगांव हिंडले. हें हिंडणें वायां गेलें नाहीं. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून नांगराचा व्यवहार बोलणाऱ्यास त्या घरांतील निरक्षरता जितक्या जवळून दिसते, तितकी ती विद्वानांच्या परिषदेंत दिसत नाहीं.

१९१९ सालीं कराडजवळील काले या गांवीं रयत शिक्षण संस्था निघाली व १९२४ मध्यें तिचें ठाणें साताऱ्यास आलें. तेथील वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें, अस्पृश्य गणलेलींसुद्धां, एका पंक्तीस जेवूं लागलीं. १९२७ सालीं महात्मा गांधींच्या हस्तें त्यास शाहू महाराजांचें नांव देण्यांत आलें. आज यांत विशेष तें काय, असें कोणी म्हणेल. परंतु गांवच्या विहिरीचें पाणी जेव्हां सर्वांस मिळत नव्हतें, तेव्हां एका पातेल्यांतील आमटी सर्वांस वाढणें ही लहान गोष्ट नव्हती.

एकदां भाऊराव परगांवीं असतां धान्य संपलें. तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं गळ्यांतील मंगळसूत्र काढून दिलें. चरित्रकार हा प्रसंग कौतुकानें सांगतात, आणि तें योग्यच आहे. पण १९३० सालीं ती माउली निवर्तली. पुढें उभ्या राहिलेल्या शाळांपैकीं एकही तिच्या दृष्टीस पडली नाहीं. संस्थेच्या जमाखर्चांत ही रक्कम कोणत्या सदरीं मांडावयाची?

१९४० सालीं साताऱ्यास महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालें. तेथें मुलांनीं श्रम करावे व शिकावें, अशी व्यवस्था होती. यावर एक आक्षेप संभवतो: श्रीमंताचा मुलगा दिव्याखालीं वाचीत बसणार आणि गरिबाच्या मुलानें मात्र माती उपसावी, हा कुठला न्याय? आक्षेप पोकळ नाहीं. दमलेलें मूल रात्रीं पुस्तकावर डुलक्या घेतें, हें कोणत्याही मास्तरास ठाऊक आहे. तथापि शेतकऱ्याच्या घरीं दुसरी एक भीति असते. मुलगा चार बुकें शिकला कीं बापाची कुदळ हातीं धरण्यास लाजेल, आणि कचेरींत नोकरीही न मिळाल्यास दोन्हींकडून जाईल. स्वतःच्या श्रमानें शिकलेल्या मुलास ती लाज सहसा शिवत नसे. आपण कोण व कोणाचे, हें त्यास विसरावें लागत नसे.

भाऊरावांची आणखी एक दृष्टि वाखाणण्याजोगी होती. हायस्कूल काढण्याच्या पांच वर्षें आधीं, १९३५ सालींच, त्यांनीं खेड्यांतील शिक्षक तयार करण्याचें विद्यालय साताऱ्यास काढलें. आधीं मास्तर, मग इमारत, हा त्यांचा क्रम होता. त्यामुळेंच जेथें इमारत नव्हती, तेथें देवळाच्या ओवरींतही शाळा भरूं शकली.