जॅझचे रचनाकार (लेखांक ११) : जॉन कोल्ट्रेनच्या नऊ रचना

जॉन कोल्ट्रेनचे नाव निघाले की बहुतेकांच्या ओठांवर प्रथम ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ येते. १९६० साली ध्वनिमुद्रित झालेल्या या तुकड्याने त्याला घराघरांत पोहोचवले. पण ती धून त्याची नाही. ती रिचर्ड रॉजर्सने ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या संगीत नाटकासाठी बांधली होती. कोल्ट्रेनने स्वतः रचलेले संगीत वेगळे काढायचे, तर वादक कोल्ट्रेन आणि रचनाकार कोल्ट्रेन यांच्यात असा फरक करावा लागतो.

जॅझमधली रचना बहुधा अगदी छोटी असते: बारा, सोळा किंवा बत्तीस बारची धून आणि तिच्याखालची कॉर्ड्‌सची चौकट. धून वाजवून झाली की त्याच चौकटीची आवर्तने चालू राहतात आणि वादक त्यांवर उपज करतो. बंदिश दोन ओळींची आणि तिचा विस्तार तासभर, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही पद्धत परकी वाटणार नाही. या लेखासाठी रचना निवडताना दोन कसोट्या लावल्या आहेत. रचना कोल्ट्रेनची स्वतःची असावी, आणि तिने आधीच्या रचनेहून निराळा प्रश्न हाती घेतलेला असावा. अशा नऊ रचना ओळीने ऐकल्या की एक धागा दिसतो: षड्ज कुठे ठेवायचा, या एकाच प्रश्नाभोवती कोल्ट्रेन दहा वर्षे फिरत होता.

उंबरठ्यावरचे वर्ष

कोल्ट्रेनचा जन्म २३ सप्टेंबर १९२६ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट या गावी झाला. तरुणपणी तो फिलाडेल्फियाला आला, काही काळ नौदलात राहिला आणि १९५५ मध्ये माइल्स डेव्हिसच्या पंचकात टेनर सॅक्सोफोन वाजवू लागला. हेरॉइन आणि दारूच्या व्यसनापायी १९५७ मध्ये डेव्हिसने त्याला काढून टाकले. त्याच वर्षी त्याने व्यसन सोडले आणि न्यू यॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये थेलोनियस मंकसोबत वाजवताना कॉर्ड्‌सचा नव्याने अभ्यास केला.

‘ब्लू ट्रेन’ ही रचना याच वर्षाची. १५ सप्टेंबर १९५७ रोजी ब्लू नोट कंपनीसाठी एका दिवसात संपूर्ण तबकडी मुद्रित झाली. तिच्यातल्या पाचांपैकी चार रचना कोल्ट्रेनच्या आहेत. ट्रम्पेटवर ली मॉर्गन, ट्रॉम्बोनवर कर्टिस फुलर, पियानोवर केनी ड्रू, बासवर पॉल चेंबर्स आणि ड्रम्सवर फिली जो जोन्स होते. शीर्षकरचना म्हणजे बारा बारचा ब्लूज, म्हणजे जॅझमधला सर्वांत जुना आणि सर्वांना पाठ असलेला साचा. तिन्ही सुषिर वाद्ये मिळून एक छोटा, गंभीर स्वरसमूह उच्चारतात, थांबतात, आणि त्या मोकळ्या जागेत बाकीचे वादक उत्तर देतात. षड्ज जागचा हलत नाही आणि रचना परंपरेत घट्ट उभी राहते. मात्र त्याच तबकडीवरील ‘मोमेंट्स नोटिस’ या रचनेत एका बारमध्ये दोन-दोन कॉर्ड्‌स येतात. पुढे काय होणार, याची चाहूल तिथे लागते.

चालता षड्ज

५ मे १९५९ रोजी मुद्रित झालेल्या ‘जायंट स्टेप्स’मध्ये ती चाहूल खरी ठरली. ही रचना समजायला हार्मोनियमचा उपयोग होतो. पांढरी सात षड्ज धरला तर शुद्ध गंधार काळी दोनवर येतो आणि कोमल धैवत पांढरी पाचवर. या तीन पट्ट्यांमधले अंतर अगदी सारखे, प्रत्येकी चार अर्धस्वरांचे, आहे. सप्तकाचे जणू तीन समान तुकडे. ‘जायंट स्टेप्स’मध्ये या तिन्ही पट्ट्या आळीपाळीने षड्ज होतात. सोळा बारच्या आवर्तनात २६ कॉर्ड्‌स आहेत आणि आवर्तन पुन्हा सुरू होईपर्यंत षड्ज दहा वेळा बदलतो. लय मिनिटाला सुमारे २९० मात्रांची आहे. म्हणजे हा सगळा प्रवास साधारण तेरा सेकंदांत संपतो आणि लगेच पुन्हा सुरू होतो.

मूर्च्छना-भेद करणारा गायकही क्षणभर दुसऱ्या स्वराला षड्ज मानतो. पण तेव्हा तंबोरा मूळ षड्ज धरून असतो, म्हणून श्रोत्याला परतीची वाट दिसत राहते. ‘जायंट स्टेप्स’मध्ये तसा आधार नाही, खालचा बासही षड्जाबरोबर धावतो. रॉजर्सच्या ‘हॅव यू मेट मिस जोन्स?’ या १९३७ मधील गीताच्या मधल्या भागात असे तीन पट्ट्यांचे वळण आधी येऊन गेले होते. कोल्ट्रेनने त्या वळणाचीच संपूर्ण रचना केली. धून मात्र लांब स्वरांची, सोपी आणि गुणगुणता येईल अशी ठेवली. खालची धावपळ पेलायची तर वर इतके साधेपण हवेच होते.

या रचनेची अवघड बाजू मूळ ध्वनिमुद्रणातच ऐकू येते. कोल्ट्रेनची उपज सलग, न अडखळता वाहते. त्याने या चौकटीचा कसून रियाज केला होता. त्याच्यानंतर पियानोवादक टॉमी फ्लॅनगनची पाळी येते. काही आवर्तनांतच त्याचे वाक्य तुटू लागते आणि शेवटी तो नुसत्या कॉर्ड्‌सवर येतो. फ्लॅनगन हा अत्यंत जाणता वादक होता. १९८२ मध्ये त्याने हीच रचना पुन्हा मुद्रित केली आणि या वेळी ती सहज, डौलाने वाजवली. जगभरच्या जॅझ विद्यार्थ्यांसाठी ‘जायंट स्टेप्स’ आजही परीक्षेचा पेपर आहे.

थांबलेला बास

‘जायंट स्टेप्स’ याच नावाच्या, १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तबकडीवर ‘नाइमा’ आहे. ती २ डिसेंबर १९५९ रोजी मुद्रित झाली आणि कोल्ट्रेनच्या पहिल्या पत्नीच्या, हुआनिता नाइमाच्या, नावावर आहे. एका रचनेत षड्ज क्षणभर टिकत नाही आणि दुसरीत बास जागचा हलत नाही. दोन्ही एकाच माणसाने एकाच वर्षी मुद्रित केल्या.

‘नाइमा’च्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या भागात बास काळी दोन धरून राहतो, मधल्या भागात काळी पाच. वर कॉर्ड्‌स बदलतात, त्यांतल्या काही त्या स्थिर स्वराशी टोचणाऱ्या आहेत. पण खालचा स्वर सगळे सहन करतो. धून शेवटी काळी चारच्या षड्जावर विसावते. तेव्हा कळते की बासने धरलेला स्वर हा त्या षड्जाचा पंचम होता. तंबोऱ्याच्या पंचमाच्या तारेचे काम इथे बास करतो. मूळ मुद्रणात कोल्ट्रेनने उपज केलेलीच नाही. तो फक्त धून वाजवतो, सोलो पियानोवादक विंटन केलीला देतो आणि पुन्हा धून वाजवून थांबतो. ज्याच्या वादनात स्वरांचा मुसळधार पाऊस असे, त्याने इथे एकही जादा स्वर घेतला नाही. पुढे मात्र त्याने ही रचना मैफलींत सतत वाजवली. १९६६ मध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मधील मुद्रणात तिचा विस्तार पंधरा मिनिटांपर्यंत गेला आहे.

ऑक्टोबर १९६० मध्ये मुद्रित आणि १९६४ च्या ‘कोल्ट्रेन्स साउंड’ तबकडीवर प्रसिद्ध झालेल्या दोन रचना या दोन टोकांच्या मधल्या आहेत. ‘इक्विनॉक्स’ हा काळी एकवरचा, कोमल गंधाराचा संथ ब्लूज. साचा ‘ब्लू ट्रेन’चाच बारा बारचा, पण मॅककॉय टायनरच्या पियानोतल्या जड, पुन्हापुन्हा येणाऱ्या आघातांनी तो अधिक गडद होतो. ‘सेंट्रल पार्क वेस्ट’ केवळ दहा बारची. तिच्यात षड्ज सप्तकाच्या चार समान बिंदूंवर जातो: सा, कोमल ग, तीव्र म आणि शुद्ध ध. कल्पना ‘जायंट स्टेप्स’चीच, पण लय इतकी संथ आणि सोप्रानो सॅक्सोफोनचा स्वर इतका मऊ, की षड्ज बदलल्याचा धक्का बसत नाही; प्रकाश बदलल्यासारखे वाटते.

एक स्वर आणि दोन बास

माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीत, तोवर डेव्हिसकडे परतलेला, कोल्ट्रेन वाजवत होता. कॉर्ड्‌सची गर्दी काढून एकाच थाटावर बराच वेळ राहता येते, हे त्याने तिथे अनुभवले. याच सुमारास तो पंडित रवि शंकर यांची ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकत होता. पुढे दोघांची भेट झाली आणि १९६५ मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव कोल्ट्रेनने रवि ठेवले. हा रवि कोल्ट्रेनही सॅक्सोफोनवादक झाला.

‘इंडिया’ ही रचना नोव्हेंबर १९६१ मध्ये ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये मैफलीत मुद्रित झाली आणि १९६३ मध्ये ‘इम्प्रेशन्स’ या तबकडीवर आली. हे कोणत्याही रागाचे वादन नाही. कोल्ट्रेनने घेतली ती रागसंगीताची बैठक: पांढरी पाच हा एकच आधारस्वर आणि त्यावर जवळजवळ चौदा मिनिटांचा विस्तार. जिमी गॅरिसन आणि रेजी वर्कमन असे दोन बासवादक तो आधार जिवंत ठेवतात. कोल्ट्रेन सोप्रानोवर आणि एरिक डॉल्फी बास क्लॅरिनेटवर आहे. एल्विन जोन्सचे ड्रम्स संगत न करता समोरासमोर संवाद करतात. ‘नाइमा’त धून स्थिर बासवर टेकलेली होती, ‘इंडिया’त उपजही त्याच स्थिर आधारावर उभी राहिली.

शोक

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात ‘सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्च’मध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला आणि चार कृष्णवर्णीय मुलींचा बळी गेला. दोन महिन्यांनी, १८ नोव्हेंबरला, कोल्ट्रेनने ‘अलाबामा’ मुद्रित केली. ‘लाइव्ह ॲट बर्डलँड’ या तबकडीत ती समाविष्ट असली, तरी तिचे मुद्रण स्टुडिओतले आहे.

रचना पाच मिनिटांची. पियानोच्या खालच्या पट्ट्यांवर एक घुमणारा, थरथरता आधार सुरू होतो आणि त्यावर सॅक्सोफोन तालाविना एकेक वाक्य उच्चारतो. स्वरांची चढउतार गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळची आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी या मुलींच्या अंत्यविधीत केलेल्या भाषणाची लय तिच्यात आहे, असेही मानले जाते. मध्ये थोडा वेळ ताल सुरू होतो, पण तो पकड घेत नाही. पुन्हा तेच तालाविनाचे उच्चारण परतते. इथे तंत्राचे कोडे नाही, वेगाचे प्रदर्शन नाही. एका स्थिर स्वरावर किती दुःख ठेवता येते, एवढेच कोल्ट्रेनने पाहिले, आणि म्हणूनच या निवडीत ‘अलाबामा’ला पर्याय नाही.

दोन्ही वाटा एकत्र

९ डिसेंबर १९६४ रोजी न्यू जर्सीतील रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत टायनर, गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांच्यासह ‘अ लव्ह सुप्रीम’ मुद्रित झाली. सुमारे ३३ मिनिटांची ही रचना चार भागांची आहे: स्वीकार, निश्चय, ध्यास आणि स्तोत्र. १९५७ मध्ये आपल्याला ईश्वरकृपेने आध्यात्मिक जाग आली, असे कोल्ट्रेनने तबकडीच्या वेष्टनावर लिहिले आणि ही रचना त्या कृपेला अर्पण केली.

पहिल्या भागाचे बीज चार स्वरांचे आहे. पांढरी चार षड्ज मानला तर बास वाजवतो ते स्वर असे: सा, कोमल ग, सा, म. शीर्षकाची अक्षरे या चार स्वरांवर बरोबर बसतात. भागाच्या उत्तरार्धात कोल्ट्रेन हीच आकृती बाराही स्वरांना षड्ज मानून फिरवतो, आणि मूळ षड्जाची ओढ मात्र कानातून जात नाही. ‘जायंट स्टेप्स’चा चालता षड्ज आणि ‘नाइमा’चा स्थिर आधार इथे प्रथमच एकत्र येतात. प्रत्येक पट्टीतून फिरून झाल्यावर ते बीज वाद्यातून निघून माणसाच्या आवाजात येते. नामजपासारखे शीर्षक म्हटले जाते. मग आवाज एक पूर्ण स्वर खाली, काळी दोनवर, उतरतात, आणि दुसरा भाग त्याच पट्टीत सुरू होतो. तिसरा भाग वेगवान ब्लूज आहे. चौथ्यात कोल्ट्रेनने स्वतःचीच प्रार्थना सॅक्सोफोनवर शब्दागणिक वाजवली आहे. ती प्रार्थना वेष्टनावर छापलेली आहे. ती समोर ठेवून ऐकले तर कोणता स्वरसमूह कोणत्या शब्दाचा, हे उमगत जाते.

शेवटची दोन वर्षे

जून १९६५ मध्ये अकरा वादकांना घेऊन केलेल्या ‘असेन्शन’पासून कोल्ट्रेनने ठरावीक लय आणि षड्ज दोन्ही सोडायला सुरुवात केली. हे संगीत पहिल्या ऐकण्यात अंगावर येते. त्यातून निवडायची तर ‘व्हीनस’ योग्य. २२ फेब्रुवारी १९६७ रोजी केवळ सॅक्सोफोन आणि रशीद अलीचे ड्रम्स एवढ्यावर ती मुद्रित झाली आणि १९७४ मध्ये ‘इंटरस्टेलर स्पेस’ या तबकडीवर प्रसिद्ध झाली. पियानो नाही, बास नाही. म्हणजे खाली षड्ज धरणारे कोणीच नाही. तरीही सुरुवातीची धून कोमल आणि स्पष्ट आहे आणि शेवटी ती परत येते. १७ जुलै १९६७ रोजी यकृताच्या कर्करोगाने कोल्ट्रेनचे निधन झाले. तो चाळीस वर्षांचा होता.

या नऊ रचनांची एकूण लांबी साधारण दीड तास भरते. नवख्या श्रोत्याने ‘नाइमा’, ‘इक्विनॉक्स’ आणि ‘सेंट्रल पार्क वेस्ट’ आधी ऐकाव्यात, कारण त्यांची लय संथ आहे आणि बासकडे लक्ष देता येते. मग ‘ब्लू ट्रेन’ आणि ‘जायंट स्टेप्स’ लागोपाठ ऐकाव्यात, म्हणजे जुना साचा आणि त्यातून मारलेली उडी यांतले अंतर कळेल. त्यानंतर ‘इंडिया’ आणि ‘अलाबामा’. ‘अ लव्ह सुप्रीम’ मध्ये न थांबता एका बैठकीत ऐकावी, आणि ‘व्हीनस’ सर्वांत शेवटी. तोवर कानाला षड्ज धरून ठेवण्याची सवय झालेली असते, आणि खाली तो कोणी वाजवत नसला तरी कान तो स्वतः धरतो.