शिक्का राखून गंज काढावा

शेफिल्डच्या ‘जोसेफ रॉजर्स अँड सन्स’चा जुना घडीचा चाकू हाती आला, तर आधी त्याचं पातं मुळाशी निरखून पाहावं. तिथे एक तारा आणि एक माल्टीज क्रॉस कोरलेला असतो. या खुणेची मूळ नोंद १६८२ सालची आहे. शेजारी मुकुट आणि ‘व्ही आर’ ही अक्षरं असली, तर चाकू व्हिक्टोरिया राणीच्या काळातला, म्हणजे १८३७ ते १९०१ मधला. ‘इंग्लंड’ असंही कोरलेलं असेल, तर तो बहुधा १८९० नंतरचा. परदेशी मालावर देशाचं नाव हवं, असा कायदा अमेरिकेने त्या वर्षी केला होता. चाकूची सगळी जन्मपत्रिका या नखाएवढ्या जागेत असते. आणि चाकू ‘नवा करून’ देणारे लोक नेमकी हीच जागा आधी घासून टाकतात.

शेफिल्डमध्ये स्टेनलेस पोलाद आलं ते १९१३ मध्ये, हॅरी ब्रिअर्लीच्या हातून. त्याआधीची सगळी पाती साध्या कार्बन पोलादाची. ती धार उत्तम घेतात आणि तितक्याच लवकर गंजतात. मात्र प्रत्येक डाग हा गंज नसतो. पात्यावर चढलेली काळपट-करडी झाक पोलादाचं रक्षणच करते. ती राहू द्यावी. काढायचा तो तांबडा, भुसभुशीत गंज. त्यावर तेल सोडून अगदी बारीक स्टील वूलने, पात्याच्या लांबीच्या दिशेने, सावकाश घासावं. खोल गेलेले खड्डे तसेच राहतात आणि ते तसेच राहावेत. खड्डे नाहीसे होईपर्यंत पातं घासलं, तर अर्धं पातं भुकटी होऊन जातं.

या चाकूला खटका नसतो. मुठीच्या पाठीत पोलादी पट्टीची स्प्रिंग असते. ती पात्याच्या बुडावर दाब देते आणि त्या दाबावरच पातं उघडं किंवा मिटलेलं राहतं. चांगल्या चाकूचं पातं मिटताना ‘खट’ असा स्वच्छ आवाज येतो. शेफिल्डचे कारागीर हा आवाज ऐकून कामाची परीक्षा करत. जुन्या चाकूत या सांध्यात धूळ, सुकलेलं तेल आणि गंज यांचं किटण बसतं. पातं पकडीने ओढू नये. सांध्यात पातळ मशीन ऑइल सोडून रात्रभर ठेवावं, मग हलकेच उघडमीट करावी. काळं पाणी सुटतं, ते पुसावं, पुन्हा तेल सोडावं. तेल स्वच्छ दिसू लागेपर्यंत हेच करत राहायचं. रिव्हेट काढून चाकू खोलण्याची घाई तर मुळीच नको. त्या ठोकून बसवलेल्या असतात आणि काढताना मूठ तडकते.

मुठीशी आपलं नातं आहे. शेफिल्डच्या उत्तम चाकूंच्या खडबडीत, तपकिरी मुठी सांबराच्या शिंगांच्या असत आणि ती शिंगं भारतातून जात. सांबराची शिंगं ठरावीक काळाने गळून पडतात. जंगलातून गोळा केलेली ही गळालेली शिंगंच तिकडे पाठवली जात. पुढे भारताने त्यांची निर्यात बंद केली. अशी मूठ पाण्यात भिजवू नये, उन्हात वाळवू नये. तेलाचा हात पुरे. मूठ हस्तिदंती असेल, तर भारतात तिची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हे ध्यानात ठेवावं. सेल्युलॉइडची मूठ जुनी होताना तिच्यातून सुटणारी वाफ शेजारच्या पात्यांनाही गंजवते. असा चाकू वेगळा ठेवावा.

मिटल्यावर टोक मुठीबाहेर डोकावत असेल, तर पात्याच्या बुडाजवळचा बारीक उंचवटा कानशीने किंचित उतरवतात. इथे हात आवरावा लागतो. जरा जास्त उतरला, तर धार आत स्प्रिंगवर आपटते आणि बोथट होते.

हे काम शिकावं तर स्टॅन शॉ यांच्यासारख्यांकडून. चौदाव्या वर्षी ते शेफिल्डच्या इबरसन कारखान्यात उमेदवारीला लागले आणि नव्वदी ओलांडल्यावरही घडीचे चाकू हातानेच बनवत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. एकट्याने बसून अख्खा चाकू घडवणाऱ्या अशा कारागिरांना त्या गावात ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. आता ते मोजकेच उरले आहेत, म्हणून त्यांच्या हातचं जे शिल्लक आहे ते घासून संपवणं मला अक्षम्य वाटतं.

धार मात्र जरूर लावावी. न कापणारा चाकू दुरुस्त झाला असं मी मानत नाही. ती निसण्यावर, हाताने, थोडं पाणी किंवा तेल घेऊन लावावी. वेगाने फिरणाऱ्या कोरड्या चाकावर पातळ पातं क्षणात तापतं. कडेला निळसर छटा आली की तिथलं पाणी उतरलं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. घरात आजोबांचा असा चाकू पडून असेल, तर धारवाल्याकडे नेण्याआधी शिक्क्याचा जवळून फोटो काढून ठेवा आणि त्या जागेला चाक लावू नका, असं त्याला बजावून सांगा.