बोरीच्या राखेचे वय

जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके काळ्या बेसॉल्टवर वसले आहेत. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचे हे थर. लेण्याद्री व मानमोडीची लेणी याच खडकात कोरली गेली. मात्र आंबेगावच्या घोडनदीला पुढे मिळणाऱ्या कुकडीच्या काठी, जुन्नर तालुक्यातील बोरी येथे, गाळात आढळणारी ज्वालामुखीची राख येथली नव्हे. ती सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली. तिच्या सान्निध्यात अश्मयुगीन हत्यारे मिळाल्यामुळे तिचे वय हा मानवी इतिहासाचा प्रश्न ठरला.

डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात या राखेचा अभ्यास केला. किरणोत्सारी पोटॅशियमचे अत्यंत संथपणे आर्गॉन वायूत रूपांतर होते. साठलेला आर्गॉन मोजून काळ काढतात. या पद्धतीने प्रथम सुमारे १४ लाख वर्षे हे वय आले. १९९५ साली आर्गॉन-आर्गॉन या सुधारित पद्धतीने ते सुमारे ६.७ लाख वर्षे निघाले. याउलट राखेतील काचकणांची रासायनिक घडण आणि युरेनियमच्या विखंडनाने त्यांत उमटलेल्या सूक्ष्म रेषा यांवरून ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची ठरवली गेली.

एकाच राखेची तीन वये कशी? नदी राखेत बेसॉल्टचे बारीक कण मिसळू शकते. नमुन्यातील पोटॅशियमचा शंभरावा भाग जरी अशा कणांतला असला, तरी वय साडेसहा लाख वर्षांनी वाढते. काचेतील रेषा मात्र काळाच्या ओघात पुसट होतात आणि वय कमी भासते. त्यासाठी नियंत्रित उष्णता देऊन दुरुस्ती करावी लागते. दोषांच्या दिशा भिन्न असल्यामुळे एक पद्धत दुसरीची परीक्षा घेते. शिवाय राखेचे वय म्हणजे हत्यारांचे वय नव्हे. प्रवाहाने दोहोंना हलवले असेल, म्हणून थरांचा क्रमही तपासावा लागतो. हत्यारांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना ही रीत परिचित आहे. मानमोडीच्या लेण्यात नहपानाचा अमात्य अयम याच्या शिलालेखात ४६ हे वर्ष आहे; ते कोणत्या गणनेतले, हे केवळ अंकावरून कळत नाही. जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या नहपानाच्या नाण्यांपैकी अनेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा उमटवली होती. त्यावरून निदान आधी कोण व नंतर कोण, हे ठरते.

आपल्या भूमीतला माणूस सर्वांत प्राचीन ठरावा, असा मोह कोणासही होईल. परंतु अभिमानाला सोयीचा आकडा निवडणे म्हणजे इतिहास नव्हे. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न आमच्या विद्यार्थ्यांनी ग्रंथाला, शिलालेखाला, प्रयोगशाळेच्या आकड्याला आणि आम्हालाही विचारावा. पालकांनी घरी त्याचे स्वागत करावे, एवढीच विनंती.